पुरात भिजलेला सबवूफर

इराप्पा अण्णांचं नाव आधी लिहितो, घडलं काय ते नंतर. कारण घडलं त्यात माझं असं फारसं नाही. मी एक भिजका डबा विकत आणला, एवढंच माझं. पुढचं सगळं त्यांचं. हातकणंगल्याच्या अलीकडच्या खेड्यात राहणारे, घरात कानडी आणि दाराबाहेर मराठी बोलणारे, कानावर कायम चपटी पेन्सिल अडकवलेले, शिरोलीतल्या एका फौंड्रीत चाळीस वर्षं काढलेले इराप्पा अण्णा. माझे कान आज जेवढे शिल्लक आहेत, तेवढे त्यांनी शिल्लक ठेवले म्हणून आहेत.

उसाचा हंगाम पुन्हा सुरू झालाय. सकाळपासून रस्त्याला ट्रॅक्टर लागतात, एकेकामागं दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे मागं लोंबत असतात आणि वळणावर सांडलेल्या कांड्या पुढच्या चाकाखाली फुटतात. हवेला मळीचा आंबूस वास येतो. प्रत्येक ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या डोक्यामागं स्पीकर बांधलेला असतो. गाणं कुठलं चाललंय ते मला लवकर कळत नाही. गाण्याच्या आधी ठोका पोचतो. खोलीच्या खिडकीची काच थरथरते, मग पेल्यातलं पाणी, मग माझ्या टाचा. ट्रॉली निघून जाते तरी टाचांत ती थोडा वेळ राहते.

मला हा महिना आवडत नाही. खरं सांगायचं तर मी याला घाबरतो. सकाळी उठलो की आधी अंगठा आणि तर्जनी उजव्या कानाजवळ घासून बघतो. कोरड्या बोटांचा आवाज अगदी बारीक असतो, पाचट वाऱ्यावर हलावं तसा. उजवीकडं तो येतो. मग डाव्या कानाजवळ घासतो आणि थांबतो. तिथं कधी येतो, कधी आल्यासारखा वाटतो. वाटणं आणि येणं यातला फरक ओळखायला मी गेल्या हंगामात शिकलो.

शाळा मी नववीत सोडली. भंडाऱ्याकडं, तलावाच्या काठावर आमचं गाव. वडील गेल्यावर आई धानाच्या गिरणीत पोती शिवायला लागली आणि मी परीक्षेला बसलोच नाही. माझ्या पुढच्या बाकावर बसणारा दिलीप तोवर शिरोलीला येऊन फौंड्रीत लागला होता. त्यानं मला बोलावलं. रेल्वेनं यायला दीड दिवस लागला. उतरलो तेव्हा पहिल्यांदा भाषेनं मारलं. माणसं भांडतायत असं वाटायचं, आणि ती नुसती चहाला बोलवत असायची. "पावणं, कुठलं म्हणायचं तुम्ही?" असं कोणी विचारलं की मी "भंडारा जी" म्हणायचो आणि तो "जी" ऐकून सगळे हसायचे. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मी बोलणं कमी केलं.

काम फेटलिंगचं. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेला जे नको असलेलं लोखंड राहतं, ते ग्राइंडरनं घासून काढायचं. एका छपराखाली आम्ही अकरा जण, अकरा ग्राइंडर. त्या आवाजाला मी आवाज म्हणणार नाही. आवाजाला आत-बाहेर असतं, हा सगळीकडं असतो. कानात घालायला पिवळे बोळे मिळायचे, ते आम्ही खिशात ठेवायचो आणि कोणी पाहुणे बघायला आले की घालायचो. बोळे घातले तर मागून येणाऱ्या क्रेनचा इशारा ऐकू येत नाही, हे आमचं कारण. ते खरंही होतं. आणि घातलेला माणूस नवखा दिसतो, हे दुसरं कारण. ते कोणी बोलून दाखवत नसे.

आईला लिहिता येत नाही. ती मोबाईलवर बोलून पाठवते. गिरणीतच, पोती शिवता शिवता, "बाबू, जेवला का रे? थंडी पडून राह्यली, अंगावर घेत जा" असं काहीबाही. दोन वर्षं मी ते फोन कानाला लावून ऐकलं. मग हळूहळू तिच्या शब्दांच्या कडा झिजायला लागल्या. बोलते आहे हे कळायचं, रागात आहे का मायेत हेही कळायचं, शब्द मात्र घासून गुळगुळीत झालेले. मला वाटलं फोन खराब झाला. मग वाटलं तिचा फोन खराब झाला. मी तिला फोनवर म्हणालोसुद्धा, नीट तोंडाजवळ धरून बोल. बिचारी ओरडून बोलायला लागली. गिरणीतल्या बायका तिला हसायच्या म्हणे.

शिरोलीत एक नेट कॅफे बंद होत होता. तिथून मी टेबलावर ठेवायचे दोन स्पीकर आणले. उजव्याच्या पोटात मशीन, पुढं आवाजाचं बटण, आणि एक वायर जाऊन डाव्याला जोडलेली. फोन लावला की चालू. पहिले काही दिवस आईचा आवाज मोठा आला म्हणून मला बरं वाटलं. मोठा आला, पण तसाच. मी दिलीपला विचारलं, यात काय कमी आहे रे? तो आमच्या खोलीत खाटेवर पडून होता. म्हणाला, "भरणा कमी आहे. खालचा आवाजच नाही त्याच्यात. सबवूफर लाव."

मला ते पटलं. आजूबाजूला सगळं तसंच होतं ना. ट्रॅक्टरवर सबवूफर, मंडपात सबवूफर, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये सीटखाली सबवूफर. इकडं ज्याचा आवाज छातीत वाजत नाही त्याला आवाज म्हणत नाहीत. माझ्या दोन डब्यांत काहीतरी कमी आहे म्हणजे ते खालचंच असणार, असं मी धरून चाललो. वरचं काही कमी असू शकतं, हे डोक्यातही आलं नाही. जे ऐकूच येत नाही ते गेलंय, हे माणसाला कळावं तरी कशावरून?

सबवूफर मिळाला कुरुंदवाडात. पुराच्या वर्षी एका दुकानात खालच्या फळीवर ठेवलेला, तळाशी चार बोटं पाणी लागलेला. मशीन आणि आवाज काढणारा गोल पडदा वर राहिला म्हणून वाचला होता, पण भुशाच्या फळीचा डबा पाणी पिऊन पावासारखा फुगला होता. कोपऱ्याला बोट लावलं तर भुसा हातात यायचा. दुकानदार म्हणाला, "डबा नवा करून घ्या पावणं, आतला माल वाघ हाय." स्वस्त होता म्हणून घेतला. एसटीत मांडीवर धरून आणला. शेजारच्या बाईनं विचारलं, आत कोंबडी हाय का?

डबा कोण करणार? फौंड्रीत लाकडाचं काम फक्त पॅटर्नशॉपमध्ये. ज्या आकाराचं कास्टिंग हवं, तो आकार आधी लाकडात करतात आणि वाळूत त्याचा ठसा घेतात. तिथले मुख्य इराप्पा अण्णा. मी त्यांच्याशी तोवर एकदाही बोललो नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत गेलो, दारात उभं राहून सगळं सांगितलं. ते मान खाली घालून रंधा मारत राहिले. मला वाटलं नाही म्हणतात. परत निघालो तेव्हा त्यांनी सहज वर बघितलं आणि म्हणाले, "कवाधरनं हुबा हायस? बोल की." मग मी परत सगळं सांगितलं, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. सगळे त्यांना अबोल म्हणायचे. मीही तेच समजलो.

"सुट्टीदिवशी घरला घिऊन ये," म्हणाले. "घरात फळ्या पडल्यात."

त्यांच्या घराच्या सोप्यात, पुढच्या पडवीत बसून डबा झाला. तीन सुट्ट्या लागल्या. थंडी नुकती सुरू झालेली, समोरच्या वावरात तोड चाललेली, तोडकऱ्यांचे कोयते उन्हात चमकायचे. अण्णांची मुलगी महादेवी, मी तिला अक्का म्हणतो, एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. ती खुर्चीत वह्या तपासत बसायची आणि मधेमधे बापाला टोमणे मारायची. अण्णांचे हात बघण्यासारखे होते. फळीवर तळवा फिरवून ते सांगायचे कुठं उंचवटा आहे, आणि तिथं खरंच असायचा. मी आयुष्यात लोखंड फक्त कमी केलं होतं. काही जुळताना असं जवळून पहिल्यांदा बघत होतो.

तिथं एक चूक झाली, ती आठवली की अजून हसू येतं. पडद्यासाठी समोरच्या फळीला गोल भोक पाडलं आणि बसवायला गेलो तर पडदा आत ढिला पडला. चांगलं सूतभर भोक मोठं. अण्णा बराच वेळ त्या भोकाकडं बघत राहिले. मग हातातली पट्टी उलटी करून बघितली आणि कपाळाला लावली. लोखंड गार होताना आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच आपल्या इंचापेक्षा किंचित मोठा. सवयीनं तीच पट्टी हातात आली होती.

"अप्पा, डबा वितळून वतायचा हाय का काय?" अक्का म्हणाली.

ते तिच्या ओठांकडं बघून हसले. सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापून आम्ही ती फट भरली. त्या दिवशी जेवायला थांबवून घेतलं. घरातल्या माणसासारखं वाढलं. दूर राहणाऱ्याला जेवणाची चव फार दिवस लक्षात राहत नाही, वाढणाऱ्याचा हात राहतो. अण्णांच्या घरी मला विचारायची गरज पडली नाही, भाकरी आपोआप ताटात आली.

चौथ्या सुट्टीला जोडणी. फोनमधून एक वायर काढून तिची दोन तोंडं केली, एक स्पीकरला, एक सबवूफरला. आधी नुसतीच गुणगुण आली, म्हणून अक्कानं दोन्हींचे प्लग एकाच बोर्डात लावले, ती थांबली. सबवूफरच्या मागं एक बटण असतं. कुठल्या आवाजाच्या खाली त्यानं बोलायचं आणि कुठून वर स्पीकरनं, ते त्यावर ठरतं. ते नीट लागलं नाही तर मधला आवाज एक तर दोनदा येतो किंवा येतच नाही.

मी पहिल्यांदा आईचा निरोप लावला. अक्का आणि अण्णा समोर असताना लाज वाटत होती, पण धीर निघेना. आईचा आवाज होता तसाच आला, झिजलेला. पण तिच्या मागून गिरणी आली. धानाच्या गिरणीची ती धडधड मी जन्मापासून ऐकलेली, शाळेत जाताना, तापात पडलेलो असताना, वडिलांना नेलं त्या दिवशीसुद्धा. फोनमध्ये ती कधी आलीच नव्हती. आता जमिनीतून येत होती. दीड दिवसाच्या वाटेवरची गिरणी अण्णांच्या सोप्याच्या फरशीखाली चालत होती. अण्णांनी डब्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "हे कसलं मशीन?" मी सांगितलं. ते तळवा तसाच ठेवून बसले. "चांगलं चालतंय," म्हणाले. "बेअरिंग जरा वाजतंय."

मला बटण नीट लावून हवं होतं. आईसाठीच. अक्का म्हणाली, थांबा, अंदाजानं नको, मी शाळेत पोरांना ऐकवते तो आवाज लावते. फोनवर एक आवाज असतो, एकच सूर, तो अगदी खालून सुरू होतो आणि न थांबता वर वर चढत जातो. तो चढताना कुठं खड्डा पडतो ते ऐकून बटण फिरवायचं.

तो सुरू झाला. आधी आवाज नाहीच, फक्त फडताळातल्या तांब्याला कंप. मग जड घुमणं. अण्णा तळव्यानं सांगत होते, "आला. आला. अजून हाय." मग तो सबवूफरमधून वर स्पीकरमध्ये गेला, अक्कानं बटण जरासं फिरवलं, दोन्हींचा सांधा जुळला. अण्णांनी हात काढून घेतला. सूर चढत राहिला, शिट्टीसारखा झाला, मग शिट्टीची तार झाली, आणि मग संपला.

मी म्हणालो, "छान लागलं अक्का. बंद केलात ते बरं, फार टोचत होता."

अक्का फोनकडं बघत होती. तिनं बोट लावलेलं नव्हतं. खालच्या अंगणात शेळी बांधली होती, तिनं दोन्ही कान ताठ केले होते आणि ती सोप्याकडं बघत होती.

"चालूच आहे," अक्का म्हणाली.

मी हसलो. मग शेळीकडं बघितलं. मग अक्कानं आवाज बंद केला, तेव्हा शेळीनं कान पाडले आणि पुन्हा पाला खायला लागली. मला काहीच बदललेलं जाणवलं नव्हतं.

त्या दुपारचं ऊन मला अजून आठवतं. फरशीवर पडलेला भुसा, ट्यूबचा कापलेला तुकडा, माझ्या पायाचा अंगठा. पंचवीस वर्षंही पुरी नव्हती मला. आईच्या फोनला मी इतके दिवस दोष दिला होता. तिला ओरडायला लावलं होतं, गिरणीतल्या बायकांसमोर. कमी होतं ते खालचं नव्हतंच. वरचं होतं, आणि ते डब्यांत नव्हतं.

अण्णांना सूर केव्हाच ऐकू यायचा बंद झाला होता. ते आवाज ऐकत नव्हते, माझा चेहरा वाचत होते. ते म्हणाले, "गेल्या साली गाडी आलती न्हवं तपासायला? तू कसा पास झालास?"

वर्षातून एकदा फौंड्रीत कान तपासायची गाडी येते. आत काचेची खोली, कानावर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडं मशीनवाला बाजूला तोंड करून बसलेला असतो. दिलीपनं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, त्याच्या कोपराकडं बघायचं. आवाज सोडताना कोपर किंचित हलतं. हललं की दाब. सगळे तेच करायचे. जो नापास, त्याला ठेकेदार दुसरं काम देत नाही, घरी पाठवतो. कान जाणं कोणाला दिसत नाही, काम जाणं दिसतं. मी अण्णांना खाली मान घालून कोपराचं सांगितलं, मग आठवलं की त्यांना तोंड दिसलं पाहिजे, म्हणून वर बघून परत सांगितलं.

रस्त्यावरून एक ट्रॉली गेली, सोप्याची चौकट थरारली.

"ते कोपर मीच दावलंय," अण्णा म्हणाले. "फेटलिंगला हुतो तवा. गाडी न्हवती, दवाखान्यात न्यायचे. मलाच पयलं दिसलं ते. मग मी पोरांस्नी दावलं. शाणपणा वाटला हुता." आणि थोड्या वेळानं, "अजून चालतंय व्हय ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ग्राइंडरवरून उठवलं आणि मालकांच्या केबिनमध्ये नेलं. मी दारात उभा राहिलो. अण्णांनी पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली, एवढंच मला वेगळं दिसलं.

"साहेब, तुमच्या गाडीत कान तपासत न्हाईत," ते म्हणाले. "कोपर तपासत्यात." आणि मग सगळं सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की हे तुम्ही कशावरून म्हणता, कोणाकोणाचे कान गेलेत?

"आधी माझं तपासा," अण्णा म्हणाले.

संक्रांत झाल्यावर गाडी पुन्हा आली. यावेळी खुर्ची फिरवून ठेवली होती, मशीनवाल्याकडं पाठ आणि दाराकडं तोंड. दाराला छोटी काच होती, तिच्यातून रांगेतल्या आम्हाला आत बसलेला माणूस दिसायचा. पहिले अण्णा गेले. बघायला आता कोपर नव्हतं, तरी त्यांनी डोळे मिटून घेतले. बटणावर अंगठा ठेवला. आम्ही वाट बघत होतो. अंगठा हलला नाही. दिलीप माझ्यामागं होता, त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मग एकदा अंगठा हलला. मग पुन्हा कितीतरी वेळ नाही. देवळात बसावं तसे अण्णा बसले होते, आणि त्यांच्या कानात जे काही वाजत होतं त्यातलं जवळजवळ काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. आम्ही बघत असताना ते सगळ्यांसमोर, स्वतःच्या मर्जीनं, बहिरे झाले.

माझी पाळी आली तेव्हा मीही डोळे मिटले.

फेटलिंगमधल्या अकरांपैकी पाच जणांना काढलं. दिलीप त्यात होता. मीही असतो. पण अण्णांनाही काढलं होतं, म्हणजे मालकांनी हंगाम संपायच्या आत निवृत्त व्हा असं गोड शब्दांत सांगितलं. त्यावर अण्णा म्हणाले की माझी जागा मोकळी होतेय, तिथं या पोराला घ्या, याचे कान अजून अर्धे राहिलेत. असा मी पॅटर्नशॉपमध्ये आलो. जाण्यापूर्वी त्यांनी महिनाभर मला रंधा धरायला शिकवलं. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं येत नाही, पण आवाजापासून दूर राहिलास तर आहे ते राहील.

दिलीपनं सकाळी वळकटी बांधली. मी चहा केला होता, तो त्यानं घेतला नाही. दारात थांबून म्हणाला, "तुह्या डब्ब्यापायी पाच जणं उठले. आयक आता गाणे." तो गावी गेला नाही. कोणीतरी सांगितलं की जिथं तपासायची गाडीच येत नाही अशा एका फौंड्रीत तो लागलाय, पुन्हा ग्राइंडरवरच. मी फोन करतो, तो उचलत नाही. त्या पाचांमधल्या एकाचंही भलं झालं असं मला ठामपणे सांगता येत नाही. खरं बोलल्यावर सगळं नीट होतं असं मी शाळेत शिकलो होतो, पण शाळा मी पुरी केली नाही.

सबवूफर आता माझ्याकडं नाही. अण्णांच्या बाजेखाली आहे. अक्कानं त्यांच्या फोनची घंटी त्याला जोडलीय, नुसता जड ठोका. फोन आला की बाज थरथरते आणि अण्णांना कळतं. दर सुट्टीच्या सकाळी मी फोन करतो. ते उचलतात. समोर कोण बोलतंय ते त्यांना कळत नाही, पण या वेळेला मीच असतो हे ठाऊक असतं. "पोरगं न्हवं? बरा हाय. जेव वेळंवर. हात सांभाळ." मी इकडून काही बोलत असतो, तेवढ्यात ते फोन ठेवतात. दोन स्पीकर माझ्या टेबलावर आहेत. आई आता हळू बोलते. मी तिला सांगितलं की फोन तुझा खराब नव्हता. ती म्हणाली, "असू दे बाप्पा, मले तं सवय झाली ओरडाची." तिचे अर्धे शब्द मी अंदाजानं जुळवतो. गिरणी मात्र पुन्हा येत नाही.

मागच्या सुट्टीला गेलो होतो. सोप्यासमोरून ट्रॉल्या चालल्या होत्या, अण्णा बाजेवर बसून तळव्यानं एकेक मोजत होते. मी त्यांच्यासाठी एक छोटा पॅटर्न करून नेला होता, माझ्या हातचा पहिला. त्यांनी अंगठा फिरवला, एका कोपऱ्यावर थांबले, म्हणाले, "हितं रंधा उचललास तू." मग एकदम विचारलं, "रंध्याचा आवाज कसा असतुया रं? इसरलोय मी. धा वर्सं झाली असतील."

मी हातानं दाखवलं, तोंडानं काढून बघितला, त्यांना माझे ओठ गोल झालेले दिसले असतील फक्त. चाळीस वर्षांतली निम्मी ज्यानं रंध्यावर काढली, त्याच्याकडून तो आवाज आधी गेला, कारण तो बारीक आहे, वरचा आहे. कानात बसवायचं चांगलं यंत्र मिळतं, अक्कानं चौकशी केलीय. त्यानं सगळं नाही, थोडं येईल. अण्णा नको म्हणतात, या वयात कशाला.

सागाच्या फळीवर धारेचा रंधा पुढं गेला की एक लांब, कोरडी सळसळ येते, आणि शेवटी ढलपी सुटताना ती अगदी बारीक होत जाते. उजव्या कानानं मला ती शेवटपर्यंत येते. डाव्यानं अर्धीच. जी येते ती तुमच्यामुळं येते, अण्णा. यंत्र मी आणणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी. ते कानात बसवलं की तुमच्याच सोप्यात, तुमच्यासमोर, मी एक फळी रंधायला घेईन, आणि तुम्ही ऐकू येतंय म्हणून मान हलवेपर्यंत हात थांबवणार नाही. डोळे मात्र तेव्हा मिटून बसा. माझ्या कोपराकडं बघू नका.